पोतं स्वस्त, पक्षी महाग

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून गेल्या पंधरवड्यात एक पत्र आले. सहाजणींनी मिळून लिहिलेले, अक्षर एकीचे आणि सह्या सहा. त्यांच्या स्त्रीशक्ती संघाने बचतीतून कर्ज काढून लाव्ह्याची ५०० पिल्ले आणली, पिंजरे करून घेतले, पाळ्या लावून राबल्या. ३५ दिवसांनी गोव्याकडचा व्यापारी टेम्पो घेऊन आला. दहा-बारा पक्षी हातात धरून बघितले, दोन काट्यावर घातले आणि "ताई, हे अजून पिल्लूच आहे की," म्हणून रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. पक्षी १२० ग्रॅमचा भरला होता. त्याला हवा होता १८० च्या वरचा.

आणखी बारा दिवस ठेवून, खायला घालून बघितले. १५० च्या पुढे काटा हलला नाही. पत्राच्या शेवटी लिहिले आहे, "घरची माणसं म्हणतात, पिंजरे मोडीत घाला. पुढच्या महिन्यात संघाची बैठक आहे. आमच्या हवेला हा पक्षी मानवत नाही का, तेवढं तरी सांगा."

पत्राखाली नंबर होता, म्हणून मी फोनच केला. पक्षी सुस्त आहेत का, पंख गळतात का, मर किती, असे विचारत गेले. मर म्हणाल तर जेमतेम वीस. म्हणजे रोगराई नव्हती. मग म्हटले, खाद्याच्या पोत्याला शिवलेली चिठ्ठी असते ती वाचून दाखवा. चिठ्ठी इंग्रजीत. एकीचा मुलगा दहावीला आहे, त्याला बोलावले. त्याने अक्षर जुळवत वाचले: लेयर मॅश, प्रथिने १६ टक्के, कॅल्शियम साडेतीन टक्के.

माझ्यापुरता उलगडा तिथेच झाला. लेयर मॅश म्हणजे अंडी घालणाऱ्या मोठ्या कोंबडीचे खाद्य. दुकानदाराने "पक्ष्यांचंच आहे, आणि किलोमागे दहा रुपये स्वस्त" म्हणून ते दिले, यांनी विश्वासाने घेतले. हवेचा यात काही दोष नाही. बेळगाव-खानापूरची हवा या पक्ष्याला चांगली मानवते. बारा वर्षे माझ्या परसात तो वाढतो आहे, म्हणून हे मी खात्रीने सांगते.

ज्यांना हा पक्षी ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या ज्वारीच्या रानातून पायाखालून भुर्रकन उडतो तो लाव्हा वेगळा. तो रानपक्षी आहे, त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, त्याला धरू नये. पाळतात तो त्याचा जपानी भाऊबंद. १९७४ साली कॅलिफोर्नियातून तो उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगरला संशोधनासाठी आणला, आणि तिथून देशभर पसरला. बाजारात त्याला बटेर म्हणतात, हॉटेलच्या पाटीवर क्वेल लिहितात, आपल्याकडे कन्नडमध्ये गौजल हक्की म्हणतात. तमिळनाडूत तर काडै या नावाने तो घरोघरी माहीत आहे.

या पक्ष्याचा सगळा व्यवहार एका गोष्टीवर चालतो, ती म्हणजे त्याच्या वाढीचा वेग. अंड्यातून निघते तेव्हा पिल्लू सात-आठ ग्रॅमचे असते, अंगठ्याएवढे. पहिल्या आठवड्यात त्याचे वजन तिप्पट होते. तीन आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्या घरात जाते आणि पाचव्या आठवड्याच्या शेवटी १८० ते २०० ग्रॅम भरते. माणसाच्या बाळाला जन्माचे वजन दुप्पट करायला चार-पाच महिने लागतात, हे डोळ्यांसमोर ठेवा म्हणजे या पिल्लाची घाई कळेल. एवढ्या घाईने मांस चढवायचे तर प्रथिने लागणारच. पहिले तीन आठवडे खाद्यात २४ टक्क्यांच्या आसपास प्रथिने हवीत, पुढचे दोन आठवडे २० ते २१ चालतात. त्याच्या पुढ्यात १६ टक्क्यांचे खाद्य ठेवले तर तो पोटभर खाईल, पण वाढणार नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

त्यात कॅल्शियमचा दुसरा घोळ. लेयर मॅशमधले साडेतीन टक्के कॅल्शियम हे अंड्याच्या कवचासाठी असते. पिल्लाला एक टक्क्याहूनही कमी पुरते. जास्तीचे बाहेर टाकण्यात त्याच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो आणि वाढ आणखी खुंटते.

आता पैशांचे बघू, कारण बैठकीत तोच प्रश्न निघणार. आकडे या सहाजणींनी फोनवर दिले तेच घेते. लेयर मॅश ३२ रुपये किलो, ब्रॉयलर स्टार्टर ४२ रुपये. ४७ दिवसांत त्यांची साडेसात पोती, म्हणजे सुमारे ३८० किलो खाद्य गेले. ३२ च्या भावाने १२,१६० रुपये. योग्य खाद्यावर लाव्हा पाच आठवड्यांत साधारण ५५० ग्रॅम खातो. ५०० पक्ष्यांना २७५ किलो. स्टार्टरमध्ये थोडी पेंड घालून (ते पुढे सांगते) भाव साडेबेचाळीस पडतो, म्हणजे ११,७०० च्या आतबाहेर. दहा रुपये महाग खाद्य घेऊनही साडेचारशे रुपये कमी गेले असते. पक्षी तीस-चाळीस ग्रॅमने भारी, आणि टेम्पो भरून गेला असता. वरचे बारा दिवस वीज, पाणी, सहाजणींच्या पाळ्या आणि अडून राहिलेले पिंजरे हे मी धरलेलेच नाही.

म्हणून खाद्याचा भाव पोत्यावर बघायचा नाही, पक्ष्यावर बघायचा. एक पक्षी विक्रीला तयार होईपर्यंत किती रुपयांचे खाल्ले, हा एकच आकडा वहीत लिहावा. पक्षिपालनात शंभर रुपये खर्चातले पासष्ट-सत्तर रुपये खाद्याला जातात. तिथली काटकसर डोळे उघडे ठेवून करायची असते.

पाचशे-हजार पक्ष्यांपर्यंत सगळ्यांत सोपा आणि परवडणारा मार्ग असा. ब्रॉयलर स्टार्टर सगळीकडे मिळते, त्यात प्रथिने २२-२३ टक्के असतात. ७५ किलो स्टार्टरमध्ये ५ किलो सोयापेंड किंवा शेंगपेंड बारीक करून मिसळली की मिश्रण २४ च्या जवळ जाते. तीन आठवड्यांनंतर पेंड घालायची गरज नाही, नुसते चालते. मात्र ते एकदा गिरणीतून काढून घ्यावे. कोंबडीच्या पिल्लाला जो दाणा बरोबर बसतो तो लाव्ह्याच्या चोचीला मोठा. पिल्लू बारीक बारीक वेचून खाते, मक्याचे तुकडे भांड्यात तसेच राहतात, आणि आपल्याला वाटते पोट भरले. अगदी पीठही करू नये. पीठ चोचीला चिकटते, मग पिल्लू पाण्यात चोच बुडवते आणि खाद्य पाण्यात जाते. रव्यासारखे असावे. गिरणीवाला कुरकुर करतो, त्याला शेवटी दळायला सांगावे.

ज्यांच्याकडे मागोमाग तुकड्या चालू आहेत त्यांनी घरी खाद्य करावे. पाचशे पक्ष्यांच्या एका तुकडीसाठी तो उपद्व्याप मी करायला सांगणार नाही. माझे पहिल्या तीन आठवड्यांचे १०० किलोचे प्रमाण असे आहे: मका ५२ किलो, सोयापेंड ४०, चांगले फिशमील ४, डीसीपी दीड, शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा बारीक चुरा दीड, मीठ ३०० ग्रॅम, आणि उरलेल्या ७०० ग्रॅममध्ये जीवनसत्त्वे, खनिजे व मेथिओनिन. यात प्रथिने साडेचोवीसपर्यंत येतात. चौथ्या आठवड्यापासून मका ६०, सोयापेंड ३१, तांदळाचा ताजा कोंडा ४, फिशमील २ आणि बाकी ३ किलो खनिजे-जीवनसत्त्वे-मीठ. हे २१ च्या जवळ जाते. ते ७०० ग्रॅमचे मिश्रण शंभर किलोत एकदम टाकून फावड्याने ओढले तर एका पिंजऱ्याला सगळे आणि दुसऱ्याला काहीच नाही अशी गत होते. आधी ते किलोभर मक्याच्या पिठात, मग दहा किलोत, मग ढिगात. हळद-मीठ भाजीत सगळीकडे लागावे म्हणून आपण जे करतो तेच.

आपल्या भागाचे एक सुख आहे. मका आणि सोयाबीन दोन्ही इथलेच. पण घरचे सोयाबीन कच्चेच दळून घालायचा मोह होतो तो टाळा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनेच मरतो. तेल काढलेली, नीट भाजली गेलेली पेंड घ्यावी. मका कडाडला तर थोडा कमी करून त्या जागी खानापूरच्या भातगिरणीतली कणी किंवा विजापूरकडची पांढरी ज्वारी घालता येते. लाल-तपकिरी ज्वारी नको, तिच्या तुरट द्रव्याने वाढीवर परिणाम होतो. कोंडा ताजा असेल तरच. महिनाभर पडलेल्या कोंड्याला खवट वास येतो, आणि तो वास आपल्याला आला की पक्ष्याच्या पोटात काय होत असेल ते समजावे.

फिशमील कारवारकडून, गोव्याकडून, मालवणाकडून येते, आणि या मालाएवढी लबाडी मी दुसऱ्या कशात पाहिली नाही. वाळू असते, मीठ असते. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर टाका, हलवा, पाच मिनिटे ठेवा. तळाला वाळू किती बसते ते दिसते. जिभेवर चिमूटभर ठेवून खारट लागले तर परत द्या. जास्त मीठ लहान पिल्लांना मारक ठरते. बाजारातली खारवलेली सुकट कुटून घालणेही त्याच कारणासाठी धोक्याचे. खात्रीचे फिशमील मिळत नसेल तर ते सोडून द्या, सोयापेंड चार-पाच किलो वाढवा आणि मेथिओनिन-लायसिन पुरवा, काम भागते.

खानापूरचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. त्या चार महिन्यांत बुरशीइतका मोठा चोर नाही. मका दाताखाली कडक तुटला पाहिजे, मऊ चेपला तर ओलावा जास्त आहे. मका आणि शेंगपेंड यांवरची बुरशी जे विष सोडते ते दळून, उकळून, उन्हात घालून जात नाही. पक्षी लगेच मरत नाही, पण यकृत बिघडते, वाढ थांबते, आणि आपण पाण्यातून औषधे देत बसतो. काळपट, हिरवट, कुबट वासाचा दाणा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवावीत. पावसाळ्यात दोन आठवड्यांपेक्षा जास्त माल भरू नये, मग दुकानदार दहा पोत्यांवर कितीही सूट देवो.

सूटवरून आठवले. "वाढीची पावडर" म्हणून पुड्या विकायला येतात. आत काय आहे ते लिहिलेले नसेल तर दारातूनच परत पाठवा. पूर्वी सर्रास वापरले जाणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक २०१९ साली सरकारने खाण्याच्या प्राण्यांसाठी बंद केले, कारण माणसांच्या औषधांवरच ते उलटू लागले होते. लाव्ह्याला पावडर लागत नाही. प्रथिने लागतात, ऊब लागते आणि स्वच्छ पाणी लागते.

उबेवरही खाद्याचा हिशेब अवलंबून आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ ते ३७ अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीनएक अंश कमी करत जायचे. डिसेंबरच्या रात्री वीजबिल वाचवायला बल्ब काढला तर पिल्ले एकावर एक गोळा होतात, खाद्याकडे जात नाहीत, आणि जे खातात ते अंग गरम ठेवण्यात जाते. बल्ब जाळणे स्वस्त पडते, पेंड जाळणे महाग. पिल्ले बल्बखाली दाटली तर थंडी वाजते आहे, कडेला पळाली तर उकडते आहे, सगळीकडे सारखी पसरली तर ठीक. यंत्र नसले तरी एवढे डोळ्यांनी कळते. पाण्याच्या उथळ ताटलीत गोट्या किंवा खडे घालावेत. अंगठ्याएवढे पिल्लू बोटभर पाण्यात बुडून मरते.

आणि सांडणे. लाव्ह्याला पायाने उकरायची आणि चोचीने उडवायची भारी खोड. भांडे काठोकाठ भरले की निम्मे त्याच्या खेळात जाते. भांडे तिसरा हिस्साच भरावे, दिवसातून तीन-चारदा घालावे, आणि वर तारेच्या जाळीचा तुकडा खाद्यावरच टेकवून ठेवावा. चोच जाते, पाय जात नाही. भांड्याचा काठ पक्ष्याच्या पाठीएवढा उंच. एक दिवस पिंजऱ्याखाली जुने धोतर अंथरून, पडलेले चाळून तोलून बघा. माझ्या शेजारणीकडे दहा किलो घातल्यावर सव्वा किलो खाली निघाले. पाचशे पक्ष्यांच्या तुकडीत दहात एक किलो सांडले तरी हजार-बाराशे रुपये जमिनीत गेले. तारेच्या जाळीला दीडशे रुपये लागतात.

पाच आठवड्यांनंतर विक्रीच्या पक्ष्याला एक दिवसही जास्त पोसू नये. वाढ मंदावते, खाणे थांबत नाही. रोज वीस-पंचवीस ग्रॅम खातो आणि काटा जेमतेम हलतो. व्यापाऱ्याशी तारीख पिल्ले आणण्याआधी ठरवावी. दर शनिवारी सगळ्या पिंजऱ्यांतून मिळून दहा पक्षी उचलून तोलावेत, हाताला येईल तो, निवडून नव्हे. तीन आठवड्यांना ऐंशीच्या खाली असतील तर तिथेच थांबून पोत्याची चिठ्ठी, पाणी आणि ऊब तपासावी. पस्तिसाव्या दिवशी कळून उपयोग नसतो.

राहिले आज पिंजऱ्यात असलेले ४८० पक्षी. ते फुकट गेले असे मी म्हणणार नाही. या वयात नर-मादी एका नजरेत ओळखू येतात. नराची छाती तांबूस, विटकरी रंगाची. मादीची फिकट आणि तिच्यावर काळे ठिपके. नर सगळे काढा, जवळच्या बाजारात नगावर मिळेल त्या भावाने विका. खायच्या अंड्यांना नराची गरज नसते, तो नुसता खातो आणि ओरडतो. माद्यांतल्या चांगल्या दीडशे निवडून ठेवा, बाकीच्या विका. चांगल्या खाद्यावर मादी सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते, तुमच्या आणखी आठ-पंधरा दिवस घेतील.

आणि आता गंमत बघा. तुमच्याकडे दहातली जवळजवळ अडीच पोती लेयर मॅश शिल्लक आहे म्हणता. पिल्लांना जे अपायाचे होते ते अंड्यावरच्या मादीला हवेच आहे. तिला १९ टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि तीन टक्के कॅल्शियम लागते. ९० किलो लेयर मॅशमध्ये १० किलो सोयापेंड बारीक करून मिसळा, दोन्ही जमते. पेंडीचा भाव ५० धरला तर किलोला ३४ रुपये पडते. दीडशे माद्या रोज पावणेचार किलो खातील, १२७ रुपयांचे. शंभराला सत्तर या हिशेबाने १०५ अंडी आली तर अंड्यामागे खाद्याचा खर्च सव्वा रुपयाच्या आत. शिल्लक मॅश महिनाभरात संपेल, शिळी होणार नाही. दिवसाचा उजेड धरून सोळा तास प्रकाश द्या, नाहीतर हिवाळ्यात अंडी बसतात.

एक अट मात्र आहे. शंभर अंडी रोज कोण घेणार ते आधी बघून ठेवा. लाव्ह्याचे अंडे दहा-बारा ग्रॅमचे, कोंबडीच्या एका अंड्याच्या जागी पाच लागतात. गावात ती गंमत म्हणून आठ दिवस खपतील, पुढे नाही. बेळगावातल्या दोन-तीन हॉटेलांशी, अंड्यांच्या एखाद्या घाऊकवाल्याशी बोलून मगच दीडशेचा आकडा पक्का करा. गिऱ्हाईक पन्नास अंड्यांचे असेल तर माद्या सत्तर ठेवा.

बैठकीसाठी वरचे आकडे वहीत उतरवून घ्या. पुढची तुकडी घ्यायचीच ठरली तर दोनशे पिल्लांची घ्या, म्हणजे खाद्य सव्वाशे किलोच्या आत येईल आणि संघाच्या बचतीवर पुन्हा मोठा भार पडणार नाही. पोते उचलण्याआधी त्याची चिठ्ठी बघा. दहावीतला मुलगा शाळेत असला तर चिठ्ठीचा फोटो काढून मला पाठवा, मी वाचून सांगते.